राजमाचीत घरच्यांसोबत मुक्काम: या चुका टाळा

लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्याच्या श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायाशी उधेवाडी हे गाव आहे. सगळे तिला राजमाचीच म्हणतात. इथला मुक्काम म्हणजे गावातल्या कुणाच्या तरी घराची पडवी किंवा अंगणात ठोकलेला तंबू. मुलंबाळं आणि आजी-आजोबांना घेऊन डोंगरात पहिल्यांदा रात्र काढायची असेल तर मी आजही हेच गाव सांगते. पण इथून वैतागून परतलेली कुटुंबंही मी पाहिली आहेत. त्यांचं बहुतेकांचं चुकलं ते घराच्या उंबऱ्याला पोचायच्या आधीच.

सपाट वाट म्हणजे सोपी वाट, हा समज

राजमाचीला दोन बाजूंनी जाता येतं. कर्जतकडून कोंदिवड्याची वाट छोटी, पण खडी. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे येणारी वाट बरीचशी सपाट, म्हणून सगळे तीच धरतात. ती साधारण १५-१६ किलोमीटर आहे, हे मात्र कुणी मनावर घेत नाही. रोज शाळेच्या बसने जाणाऱ्या सात वर्षांच्या मुलासाठी हे अंतर चढणीपेक्षा जड असतं. चढणीवर निदान दर वळणाला काहीतरी नवं दिसतं. इथे तासन् तास तोच लाल रस्ता.

पहिल्या खेपेला आम्ही पुण्याहून जेवून निघालो आणि लोणावळ्यातून चालायला लागेपर्यंत तीन वाजले. जुलै महिना होता. फणसराईच्या पुढे धुकं उतरलं आणि साडेसहालाच गडद झालं. धाकटा रस्त्यात बसला, तो उठेचना. त्याच्या बाबांनी त्याला पाठीवर घेतलं, त्यांची सॅक मी पोटाशी बांधली, आणि सासूबाई एका हाताने बॅटरी नि दुसऱ्याने थोरलीचा हात धरून चालल्या. पोचलो तेव्हा कुणाला घास गिळवत नव्हता.

तेव्हापासून नियम एकच: सकाळी सातला चालायला लागायचं आणि दर तासाला दहा मिनिटं बसायचं, दमलो नसलो तरी. हिशेब घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या पायांनी करायचा. कोरड्या दिवसांत जीप ठरवून थोडं अंतर गाडीने, उरलेलं पायी असं केलं तरी काही बिघडत नाही. पावसाळ्यात स्वतःची कार मात्र अजिबात घालू नका. ओढे आणि चिखल यांत चाकं रुततात, आणि तिथे क्रेन येत नाही.

वाटेतच अंधार पडला तर धुक्यात आडवाट शोधू नका. मुख्य गाडीरस्ता सोडायचा नाही, सगळ्यांनी एकत्र राहायचं, सगळ्यात लहान मूल मधे आणि शेवटी एक मोठं माणूस. रेंज मिळेल तिथून यजमानांना फोन करा. गावातलं कुणीतरी घ्यायला येतं.

न कळवता जाऊन धडकणं

किराणा लोणावळ्याहून येतो आणि स्वयंपाक चुलीवर होतो. दहा माणसांच्या भाकऱ्या थापायला त्या माउलीला दीड तास लागतो. त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून माणसं किती, शाकाहारी किती, हे सांगायचं. मुलांसाठी बिनतिखट वरण-भात वेगळा सांगून ठेवा. पिठल्यातली मिरची आपल्याला चवदार लागते, पण मुलं दोन घास खाऊन पाणी पीत बसतात आणि रात्री भुकेने उठतात. संडास घरात आहे की बाहेर, तेही फोनवरच विचारा. यात संकोच कसला? गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी ही सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे.

ओल्याचं कोरडं करायच्या नादात

सॅकला वरून घालायचं कव्हर संततधारेत टिकत नाही. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून सगळं सामान त्यात भरा. झोपायच्या कपड्यांचा एक जोड वेगळ्या पिशवीत ठेवा आणि काही झालं तरी तो घालून बाहेर पडू नका. सकाळी ओले कपडे अंगावर चढवताना शहारा येतो, पण दहा मिनिटं चाललं की अंग तापतं. कोरडा जोड भिजला तर ती थंडी रात्रभर पुरते.

बूट चुलीशी ठेवू नका. माझ्या भाच्याने ठेवले होते. सकाळी वरून खडखडीत वाळलेले, पण उचलले तर टाचेकडून तळ सुटून तोंड उघडल्यासारखा लोंबत होता. धगीने गोंद सुटला होता. यजमानांनी सुतळीचे चार वेढे देऊन ते बूट बांधून दिले आणि तो तसाच खाली उतरला. वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबून बूट पडवीत ठेवले की सकाळपर्यंत पुरेसे सुकतात. घालताना ते उलटे करून आपटा. विंचू, गोम असं काहीही आत शिरलेलं असू शकतं.

रात्री अंगणातसुद्धा बॅटरी आणि बुटांशिवाय जायचं नाही. सह्याद्रीत फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत. साप चावलाच तर जखम कापायची नाही, दोरीने आवळायची नाही. तो अवयव हलू न देता माणसाला आडवं ठेवायचं, १०८ ला फोन करायचा, आणि गावातली गाडी काढून लगेच दवाखान्याच्या दिशेने निघायचं.

काजव्यांवर बॅटरी मारणं

मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत लोक काजवे पाहायला येतात. एखादं झाड पायापासून शेंड्यापर्यंत एकाच वेळी उजळतं आणि विझतं, ते बघताना माझी लेक माझा दंड घट्ट धरून उभी होती. ते लुकलुकणं म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. आपल्या प्रखर उजेडात ती हरवते. बॅटरीवर लाल जिलेटिन लावा, ती खाली पायापुरतीच धरा आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. काजवे बाटलीत भरून मुलांच्या हातात देणाऱ्या आईबापांना मी तिथल्या तिथे टोकते आणि टोकत राहीन.

उदयसागर तलावात पोहायला उतरू नका. गोधनेश्वराचं मंदिर तलावाकाठीच आहे, तिथे निवांत बसावं.

परतीची वाट आयत्या वेळी ठरवणं

रविवारी सकाळी कुणीतरी म्हणतं, कोंदिवड्याला उतरू, वाटेत कोंढाणे लेणी होतील. लेणी खरंच बघण्यासारखी आहेत, पण पावसात त्या उतारावरचे दगड शेवाळलेले असतात, आणि गुडघा चढताना नाही, उतरताना दुखतो. शिवाय लेण्यावरून पडणाऱ्या धारेखाली मुलांना उभं करू नका, पाण्याबरोबर वरून दगड येतात.

सगळ्यांनी एकाच वाटेने परतलं पाहिजे असं काही नाही. मागच्या खेपेला सासूबाई आणि धाकटा ओळखीच्या जीपने लोणावळ्याला गेले, आम्ही तिघं कोंदिवड्याला उतरून कर्जतहून गाडी धरली. घरी पोचलो तेव्हा त्यांनी कुकर लावलेला होता.