साल्सा या लॅटिन नाचगाण्यातला गायकाचा सुटा आवाज रीमिक्समध्ये घेण्याआधी

परवानगीचं आधी उरकून घ्या. ध्वनिमुद्रणाचा हक्क एकाकडे असतो, गीत-संगीताचा बहुधा दुसऱ्याकडे. सॉफ्टवेअरने आवाज वेगळा काढला म्हणून तो तुमचा होत नाही. मग फाइल. एमपीथ्रीतून काढलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो, म्हणून डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅकच घ्या. डेम्युक्ससारखी आवाज वेगळा काढणारी साधनं एकट्या गायकाचा आवाज बऱ्यापैकी सोडवतात. कोरो मात्र, म्हणजे मागून तीच ओळ घोळवणारी मंडळी, बरेचदा ट्रॉम्बोनच्या अंगावरच गातात आणि पितळ त्यांना चिकटून येतं. गायक मोकळा सापडतो तो सुरुवातीच्या कडव्यात.

गती मोजताना साल्सा मिनिटाला 190 ठोके निघाला तर तो 95 धरा. रेगेटोन या लॅटिन नाचसंगीताच्या ठेक्यावर सहज बसतो. हाउस या क्लबमधल्या नाचसंगीताच्या 124 पर्यंत ताणलात तर गळा चिरकतो. हाउसच करायचं असेल तर 130 च्या आसपासचं मेरेंगे, म्हणजे आणखी एक लॅटिन नाचगाणं, शोधा. फानिया ही साल्साच्या ध्वनिमुद्रिका काढणारी न्यूयॉर्कची कंपनी 1964 साली निघाली. त्या जमान्यात वाद्यवृंद क्लिकशिवाय, म्हणजे कानात टिकटिक न लावता, वाजवायचा, त्यामुळे गती हलते. अशा गाण्यात दर मापाला हाताने खूण करावी लागते. कंटाळवाणं आहे, पण दुसरा इलाज नाही.

आता क्लावे, म्हणजे साल्साचा कणा असलेला ठेका. दोन मापांत पाच ठोके, एका मापात तीन आणि दुसऱ्यात दोन. ढोल काढून टाकले तरी गायकाच्या शब्दफेकीत ते राहतातच. तुम्ही तीन किंवा पाच मापांचा तुकडा कापून फिरवत ठेवलात, तर दुसऱ्या फेरीला बाजू उलटते. तीनतालात खालीवरची ओळ समेवर आणून ठेवल्यासारखं. ताल चुकलेला नसतो, तरी नाचणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं. म्हणून तुकडे दोन, चार, आठ मापांचेच ठेवा आणि किक, म्हणजे मोठ्या ढोलाचा ठोका, टाकण्याआधी आवाजाखाली नुसती क्लावे वाजवून ऐका. मी स्वतः ही पायरी गाळली की हमखास पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं.

कात्री लावताना शब्दही ऐका. ‘मि आमोर’ गाताना ‘म्यामोर’ होतं. मध्ये कापलंत तर दोन्ही शब्द मरतात. 100 हर्ट्झच्या खालचं काढून टाका, तिथे बासचा उरलेला गाळ असतो. आणि रिव्हर्ब, म्हणजे खोलीचा घुमारा, जपून. मूळ स्टुडिओचा आवाजात आधीच मुरलेला आहे.