होल चानच्या प्रवाळावर पोपटमासे कसे मोजावेत

बेलीझमध्ये 2009 पासून पोपटमासा पकडायला बंदी आहे. तिथलं होल चान हे सागरी राखीव क्षेत्र तर 1987 चं. संरक्षणाचा फरक बघायचा तर हद्दीच्या आत आणि बाहेर, सारख्याच खोलीवर मोजा.

पोहत जाऊन मासे मोजायचा पट्टा 30 मीटर लांब, 2 मीटर रुंद; प्रत्येक ठिकाणी असे दहा. मोजफीत आधी अंथरू नका, मासे बुजतात. पोहता पोहता सोडत जा. एका पट्ट्याला सहा ते आठ मिनिटं पुरतात. रेंगाळलात की मागून शिरलेले मासेही धरले जातात नि आकडा फुगतो. पाण्याखाली सगळं मोठं दिसतं, म्हणून खुणा केलेली मीटरभर काठी हातात हवीच.

खरी गफलत ओळखण्यात होते. उदाहरणार्थ, स्टॉपलाइट ही पोपटमाशाची जात: मादी तपकिरी, लाल पोटाची, मोठा नर हिरवा, कल्ल्याच्या झाकणावर ठसठशीत पिवळा ठिपका. नवखे या दोघांना वेगळ्या जाती समजून लिहितात आणि विविधता खोटीच वाढते. जात एकच लिहा, अवस्था (तपकिरी की हिरवी) वेगळ्या रकान्यात लिहा.

लांबीही नोंदवाच: 40 सेंटिमीटरचा मासा 20 वाल्याच्या जवळपास आठपट वजनाचा असतो.