नाहुआ हस्तलिखितांतील सणांचे महिने कसे ओळखावेत
मध्य मेक्सिकोतील नाहुआ लोकांच्या (अझ्टेक हे त्यांपैकीच) सौरवर्षात प्रत्येकी 20 दिवसांचे 18 महिने आणि वर 5 अशुभ दिवस असत. चित्रातील महिना ओळखताना देवतेच्या चेहऱ्याआधी तिच्या हातातील वस्तू आणि अंगावरील वेश पाहावा. केरसुणी दिसली तर तो बहुधा झाडलोटीचा ओचपानिस्त्ली, उंचावलेली पताका असल्यास पान्केत्सालिस्त्ली, आणि सोललेली मानवी कातडी पांघरलेला, मनगटांशी त्या कातडीचे रिकामे हात लोंबत असलेला शिपे तोतेक हा देव आढळल्यास त्लाकाशिपेवालिस्त्ली समजावा. मात्र एकाच खुणेवर विसंबू नये. पॅरिसमधील बोर्बोनिकस हस्तलिखितात ओचपानिस्त्लीच्या चित्रणात मक्याच्या देवीला मोठे स्थान आहे, तर स्पॅनिश वसाहतकाळातील तेयेरियानो-रेमेन्सिस या हस्तलिखितामध्ये केरसुणी धरलेली तोसी ही देवी दिसते. अशा चित्रांशेजारी लिहिलेल्या स्पॅनिश टिपा माझ्या मते चित्र नीट न्याहाळल्यानंतरच वाचाव्यात.