शाळेत फुगवायचं तारांगण आणताय? मग आधी हे बघा की

सोलापुरात बऱ्याच शाळांना आता हे फुगवायचं तारांगण, म्हणजे हवेवर उभा राहणारा डोम, बोलवायचा असतो आणि पहिला प्रश्न एकच, किती पैसे. तो नंतर विचारा ओ. आधी टेप घेऊन हॉलमध्ये जा. साधारण 5 मीटर व्यासाचा डोम असेल तर त्यात पंचवीस-तीस पोरं दाटीवाटीनं बसतात, पण तो उभा राहायला छताची उंची साडेतीन-चार मीटर पाहिजे, आणि लोक नेमकं तेच विसरतात, खाली लोंबणारा पंखा तर कुणीच मोजत नाही. भोवतीनं हवा भरणारा ब्लोअर आणि आत शिरायच्या बोगद्यासाठी वेगळी जागा सोडा. खाली खडे असतील तर आधी ताडपत्री, त्यावर सतरंज्या. चादरी मागवायच्या तर आपल्या गावात काय कमी आहेत! चपला बाहेर, पेन-कंपास दप्तरात.

दुसरं म्हणजे ऊन. पत्र्याच्या शेडमध्ये मार्चनंतर दुपारचा शो ठेवू नका, प्रोजेक्टर तापतो, पोरं त्याहून जास्त तापतात. सकाळी आठला सुरू करा, एक शो वीस-पंचवीस मिनिटांचा आणि मध्ये दहा मिनिटं डोम मोकळा ठेवा. लाईट गेली तर ब्लोअर बंद पडतो आणि कापड हळूहळू खाली यायला लागतं, घाबरण्यासारखं काही नाही, पण झिपपाशी टॉर्च घेऊन एक मोठं माणूस बसलेलंच पाहिजे. लहान वर्गांसाठी एकदम अंधार करू नका, सूर्य मावळताना दाखवत हळूहळू करा, नाहीतर पहिलं पोरगं रडलं की पाठोपाठ दहा.

बुक करताना विचारा की मधोमध फिशआय लेन्सचा (म्हणजे सगळ्या घुमटावर चित्र पसरवणाऱ्या भिंगाचा) प्रोजेक्टर आहे का कडेला आरसा लावून पडदा भरतात. आरशाचं काम स्वस्तात होतं आणि मधली जागा बसायला मोकळी राहते, चित्र मात्र थोडं मऊ येतं. शाळेला चालतं.

आता मुद्द्याचं. बरेचजण तयार फिल्म लावतात, ब्लॅक होल, डायनोसॉर, धडाम, संपलं. पोरं खूश होतात पण रात्री गच्चीवर गेल्यावर त्यांना काहीच ओळखता येत नाही. म्हणून बोलवणाऱ्यानं आधीच ठणकावून सांगायचं की निम्मा वेळ सोलापूरचं आजचं आकाश पाहिजे. स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, लोकेशनला सोलापूर टाका, अक्षांश साधारण 17.7. मग ध्रुव उत्तरेला क्षितिजापासून जेमतेम 18 अंशांवर दिसतो, हात लांब करून मूठ धरली की 10 अंश, म्हणजे दोन मुठींच्या आतच. युरोपातल्या फिल्ममध्ये तो अर्ध्या आकाशात टांगलेला असतो आणि पोरं तिथंच शोधत बसतात. फेब्रुवारीत संध्याकाळी मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका दाखवा आणि दक्षिणेला दोन मुठींवर अगस्ती. मे महिन्यात रात्री दक्षिणेला अगदी खाली त्रिशंकू, तो उत्तर भारतातल्या लोकांना इतका सहज मिळत नाही, आपल्याला मिळतो.

बोलणारा माणूस पण आपलाच घ्या. पूर्व भागातल्या शाळेत तेलुगू, कुठं कन्नड, कुठं उर्दू बोलणारी पोरं असतात, रोहिणी-कृत्तिका ही नावं तेलुगू-कन्नडमध्येही चालतात, तेवढ्यावर निम्मं काम होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी मैदानावर दुर्बीण लावा, हे सोडू नका. तारीख ठरवताना शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या आसपासची घ्या, अर्ध्या चंद्रावरची विवरं कडेला सावली पडल्यामुळं भारी दिसतात, पौर्णिमेला सगळं सपाट. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत ठेवू नका, कोण येणार? 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो त्यामुळं डोमवाले आधीच बुक झालेले असतात, जानेवारीतच फोन करा. 23 ऑगस्टचा अंतराळ दिन (2023 ला चांद्रयान-3 उतरलं तो दिवस) ढगाळ जायची शक्यता जास्त, पण डोमला ढगाचं काय. हिरवा लेझर वापरणार असाल तर पोरांच्या हातात देऊ नका आणि विमानाकडं अजिबात नको, होटगी रोडला विमानतळ आहे.

डोम परवडत नसेल तर शून्य सावलीचा दिवस करा, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली गायब होते तो दिवस, खर्च शून्य. सोलापुरात तो 11 मेच्या आसपास येतो, दुपारी 12 वाजून 22-23 मिनिटांनी, आणि परत 2-3 ऑगस्टला, साधारण 12.33 ला. सुट्टीमुळं मे हुकतो, ऑगस्टला ढग आड येतात, तरी एक सरळ पाईप आणि तो ताठ उभा आहे का बघायला लेव्हल घेऊन अंगणात तयार राहा. 2027 ला तर 2 ऑगस्टलाच सूर्यग्रहण आहे, आपल्याकडं खंडग्रास, दुपारनंतर, म्हणजे दुपारी सावली गायब आणि संध्याकाळकडं सूर्याचा तुकडा गायब. ग्रहणाचे चष्मे आधीच मागवून ठेवा, एक्स-रे फिल्म आणि गॉगल चालत नाहीत.