नाव एकच, वॅट वेगळे: दोन सारख्या गेमिंग लॅपटॉपमधून एक निवडताना

दोन्हींत एनव्हिडियाची आरटीएक्स ४०५० ही ग्राफिक्स चिप, दोन्हींत १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी आणि किमतीत किरकोळ फरक. मग कुठलाही घेतला तरी चालेल असं वाटतं आणि तिथेच फसगत होते. लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स चिपचं नुसतं नाव बघून भागत नाही, तिला वीज किती मिळते ते बघावं लागतं. ४०५० साठी ही मर्यादा ३५ ते ११५ वॅट एवढी मोठी आहे. पातळ बॉडीतली ५० वॅटची ४०५० जाड बॉडीतल्या ९० वॅटवालीच्या स्पष्ट मागे पडते. मात्र ही चिप साधारण १०० वॅटच्या पुढे फारशी वाढत नाही, म्हणून १०० की ११५ यावर डोकं लढवू नका आणि त्यासाठी जास्त पैसेही मोजू नका.

हा आकडा खोक्यावर क्वचितच असतो. शेवटच्या अक्षरांसकट पूर्ण मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या स्पेसिफिकेशन शीटमध्ये 'टीजीपी' (टोटल ग्राफिक्स पॉवर, म्हणजे चिपला मिळणारी वीज) किंवा 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' शोधा. तिथेही नसेल तर चार्जर बघा. सोबत १२० वॅटचाच चार्जर असेल, तर प्रोसेसर, स्क्रीन आणि १०० वॅटची ग्राफिक्स चिप यांचं एकत्र पोट त्यावर भरणार नाही.

ग्राफिक्स मेमरीही तपासा. आरटीएक्स ३०५० ही ४ आणि ६ जीबी अशा दोन्ही रूपांत मिळते. नव्या गेममध्ये ४ जीबी लवकर भरते, टेक्स्चरचा, म्हणजे चित्रातल्या बारकाव्यांचा, दर्जा खाली आणावा लागतो आणि तरीही गेम मध्येच अडखळतो. इथे ६ जीबीच घ्या, कारण ही मेमरी नंतर वाढवता येत नाही.

साध्या रॅमचं तसं नाही. १६ जीबीची एकच स्टिक असेल तर मेमरी सिंगल चॅनेलवर, म्हणजे डेटाच्या एकाच वाटेने, चालते. सेकंदाला सरासरी फ्रेम बऱ्या दिसतात, पण गर्दीच्या सीनमध्ये अचानक पडतात. दुसरा स्लॉट मोकळा असेल तर जुळणारी स्टिक घालून हे सुटतं. रॅम बोर्डवर सोल्डर केलेली असेल आणि स्लॉटच नसेल, तर तो लॅपटॉप बाद. एसएसडीचा दुसरा स्लॉट असला तर उत्तम, पण निर्णय त्यावर नको.

स्क्रीनच्या बाबतीत '१४४ हर्ट्झ' (चित्र सेकंदाला १४४ वेळा बदलतं) या शब्दाला भुलू नका. शेजारी '४५ टक्के एनटीएससी' (एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवते त्याची मापं) लिहिलं असेल तर रंग फिके दिसणार, आणि अशा स्वस्त पॅनेलवर वेगाने हलणाऱ्या वस्तूंमागे बऱ्याचदा सावली ओढली जाते. '१०० टक्के एसआरजीबी' असलेला पर्याय थोडा महाग असला तरी घ्यावा. मक्स स्विच असल्यास चित्र इंटिग्रेटेड ग्राफिक्सला वळसा घालून थेट स्क्रीनवर जातं. जास्त फ्रेमवर चालणाऱ्या ई-स्पोर्ट्स गेममध्ये त्याचा फायदा जाणवतो.

लॅपटॉप हातात आल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधल्या 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये वॅटचा आकडा पडताळा. मग चार्जर लावून, परफॉर्मन्स मोडवर, एखादा जड गेम अर्धा तास चालवा आणि एचडब्ल्यू-इन्फो या तपासणीच्या प्रोग्राममध्ये जीपीयू (ग्राफिक्स चिप) पॉवर बघत राहा. ग्राफिक्स चिपवर पूर्ण लोड असूनही सुरुवातीचे ९० वॅट दहा मिनिटांत ६० वर आले आणि तिथेच राहिले, तर कूलिंग कमी पडतंय. तो लॅपटॉप परत करा आणि दुसरा घ्या.