जुन्या वॉशिंग मशीनचे रबरी भाग नव्याने घडवताना

दोन टबांचे अर्ध-स्वयंचलित वॉशिंग मशीन पंचवीस-तीस वर्षे चालल्यावर त्याची मोटर पुन्हा वाइंड करून मिळते, टायमर दुसऱ्या मशीनचा बसतो, गंजलेल्या तळाला पत्रा मारता येतो; गाडे अडते ते मूठभर रबरी भागांपाशी. मूळ मॉडेलचे सुटे भाग बाजारातून कधीच गेलेले असतात आणि ‘सगळ्या मशीनला चालते’ असे सांगून दिलेले रबर चार धुण्यांत पुन्हा गळू लागते. मराठवाड्यात या रबराचे हाल आणखी होतात. बोअरच्या जड पाण्यातील क्षार सीलच्या कडेवर बसून ती खरखरीत करतात, गच्चीवर ठेवलेल्या मशीनला एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांवरचे ऊन लागते, आणि टंचाईच्या काळात मशीन महिनोन्महिने कोरडे पडून राहिल्याने रबर आकसून तडकते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा उन्हाळ्यात कपडे मशीनमध्ये धुण्याचा प्रश्नच येत नाही, मात्र पुढच्या पावसाळ्यात मशीन सुरू केल्यावर पाणी खालून का येते याचे उत्तर त्या कोरड्या महिन्यांत असते.

प्रत्येक रबरी भाग घरी घडवण्याच्या भानगडीत पडू नये. मोटरच्या पट्ट्याच्या आत ताण पेलणारा दोरा असतो, त्यामुळे ओतून केलेला पट्टा टिकणे शक्य नाही. जुन्या पट्ट्यावरील क्रमांक वाचून तो विकतच घ्यावा. गिअरबॉक्सच्या दांड्यावरील ऑइल सीललाही हेच लागू होते. त्याच्या आत धातूचे कडे आणि बारीक स्प्रिंग असते, आणि आतला व्यास, बाहेरचा व्यास व जाडी ही तीन मापे मिलिमीटरमध्ये सांगितली की मोंढ्यातील बेअरिंगच्या दुकानात ते बहुधा मिळून जाते. ओ-रिंग बोअरच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्याकडे सापडते, आणि नळी पत्र्यातून जाते त्या भोकातील रबराच्या जागी ठिबक सिंचनाच्या दुकानातील ग्रोमेट पुष्कळदा चपखल बसते. सपाट वॉशर आणि पायाखालच्या चकत्या रबरी शीटमधून वॉड पंचने (गोल धारेच्या पोकळ छिन्नीने) कापाव्यात. पंच नसल्यास लोखंडी पाइपच्या तुकड्याला एका टोकाने धार लावून, शीटखाली लाकूड ठेवून, हातोड्याचा एकच जोरदार ठोका द्यावा. खऱ्या अर्थाने नव्याने घडवण्याजोगे उरतात ते दोन भाग: ड्रेन व्हॉल्व्हचे भात्यासारख्या घड्यांचे रबर आणि स्पिन टबच्या तळाशी दांड्याभोवती बसणारे बेलो, म्हणजे तसेच घड्यांचे लवचीक रबरी आवरण. पुढील विवेचन मुख्यतः पहिल्याला धरून आहे, कारण गळतीच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी तिथूनच सुरू होतात. दुसऱ्यातून मात्र वेगाने फिरणारा दांडा जातो. तिथे बेलोचा भाग ओतून करता येतो, पण दांड्याला घासणाऱ्या जागी तयार ऑइल सीलच बसवावे.

कामाची सुरुवात प्लग काढून आणि टब रिकामा करून करावी. व्हॉल्व्हच्या डब्याचे झाकण फिरवून उघडले की आत स्प्रिंग, नॉबकडून आलेली पट्टी आणि तिला अडकवलेले रबर दिसते. रबराच्या खालच्या कडेवर पांढऱ्या क्षाराचे कडे आणि त्यात रुतलेले धागे असतात. अशा स्थितीत काही निष्कर्ष काढू नये. सगळे भाग कोमट पाण्यात विरघळवलेल्या लिंबूसत्त्वात तासभर ठेवून जुन्या टूथब्रशने घासावेत. कधीकधी क्षार निघताच गळती थांबते आणि पुढचे सगळे काम वाचते.

गळती कायम राहिली तर मापे घ्यावी लागतात, आणि बहुतेकांचे काम इथेच बिघडते. माप रबराचे घेऊ नये, रबर ज्या जागेत बसते त्या जागेचे घ्यावे. जुने रबर फुगलेले, आकसलेले किंवा स्प्रिंगखाली दबून चपटे झालेले असते. त्याच्यावरून तंतोतंत नक्कल केली तर झिजलेल्या भागाचीच प्रत हाती येते. डब्याचे प्लॅस्टिक मात्र सहसा बदललेले नसते. म्हणून व्हर्निअर कॅलिपरने डब्याचे तोंड, रबराची कॉलर बसते ती खाच, त्या खाचेची खोली आणि तळाशी जिथे रबर टेकते त्या बैठकीचा व्यास मोजावा. टेकणारी कड बैठकीपेक्षा सर्व बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर बाहेर यावी, आणि खाचेत बसणारी कॉलर खाचेपेक्षा किंचित जाड, म्हणजे झाकण लावल्यावर साधारण १५ ते २५ टक्के दबेल इतकी असावी. जुन्या रबराकडून फक्त दोन गोष्टी घ्याव्यात: घड्यांची संख्या आणि त्यांच्या भिंतीची जाडी.

पदार्थाची निवड भाग कुठे बसतो यावर ठरते. साबणाचे कोमट पाणी सतत लागते तिथे ईपीडीएम रबर उत्तम, कारण ते पाणी, डिटर्जंट आणि ऊन तिन्ही सोसते. खनिज तेल लागताच मात्र ते फुगते. गिअरबॉक्सचे तेल लागते तिथे नायट्राइल घ्यावे. ही दोन्ही रबरे उष्णता आणि दाबाखालीच पक्की होतात, म्हणून घरी ओतण्यासाठी दोन भागांचे पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉन हेच पर्याय उरतात. सिलिकॉन उष्णता चांगली सोसते, पण त्याला बारीक चीर पडली की ती झपाट्याने वाढते, त्यामुळे पट्टीने ओढल्या जाणाऱ्या भागासाठी माझा कौल पॉलियुरेथेनला आहे. ते पॉलिईथर जातीचे आहे याची खात्री करून घ्यावी, कारण पॉलिएस्टर जातीचे पॉलियुरेथेन पाण्यात राहून कालांतराने विघटित होते. घड्यांच्या भागासाठी ४० ते ५० शोअर ए (रबराची कठीणता मोजण्याची श्रेणी) इतकी कठीणता पुरेशी असते. त्याहून कडक घेतल्यास स्प्रिंग त्याला पूर्ण बसवू शकत नाही.

साचा करण्यासाठी जुने रबर आधी नीट करावे. चिरा मेणाने बुजवाव्यात, झिजलेली कड मेणाचा थर देऊन वर घेतलेल्या मापापर्यंत वाढवावी. रबराच्या पोकळीत पीओपी ओतून गाभा तयार करावा आणि गाभ्याचे एक टोक दोन-तीन सेंटिमीटर बाहेर येऊ द्यावे, म्हणजे पुढे तो साच्यात नेमक्या जागी बसतो. हा संपूर्ण नमुना आडवा करून अर्ध्यापर्यंत मातीत बसवावा, साच्याचे दोन्ही अर्धे पुढे नेमके जुळावेत म्हणून मातीला चार खड्डे पाडावेत आणि वरून सिलिकॉन ओतावे. ते घट्ट झाल्यावर उलटे करून माती काढावी, उघड्या सिलिकॉनला व्हॅसलिनचा पातळ हात द्यावा आणि दुसरा अर्धा भाग ओतावा. व्हॅसलिन विसरल्यास दोन्ही अर्धे कायमचे एकजीव होतात. साच्यासाठी टिन क्युअर (कथिलाच्या संयुगाने घट्ट होणाऱ्या) जातीचे सिलिकॉन घ्यावे. प्लॅटिनम क्युअर जातीचे महाग असून गंधकाने पक्क्या केलेल्या जुन्या रबराला टेकताच ते तिथे घट्टच होत नाही, चिकट राहते. विक्रेता हे आपणहून सांगेलच असे नाही.

साचा उघडून जुने रबर काढले आणि गाभा पुन्हा जागेवर ठेवला की मधली पोकळी म्हणजेच नवा भाग. मात्र गाभा ठणठणीत वाळलेला हवा. पॉलियुरेथेन ओलाव्याशी संयोग पावून वायू सोडते, आणि ओलसर पीओपीवर ओतल्यास भागाची आतली बाजू पावासारखी जाळीदार होते. गाभा दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून त्यावर लॅकरचे दोन हात द्यावेत आणि शेवटी साच्याला व गाभ्याला रिलीज एजंट (भाग चिकटू न देणारा लेप) लावावा. पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळावे. उन्हाळ्याची कोरडी हवा अनुकूल असते, पण दुपारच्या उकाड्यात मिश्रण भांड्यातच घट्ट होऊ लागते. सकाळी लवकर ओतणे हा त्यावरचा साधा इलाज आहे. दोन्ही भाग ग्रॅमच्या काट्यावर मोजून, डब्यावर दिलेल्या प्रमाणात घ्यावेत, अंदाजाने नव्हे. कडा खरवडत सावकाश ढवळावे आणि उंचावरून बारीक धार धरून साच्याच्या एकाच बाजूने भरावे, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या भोकातून हवा बाहेर पडते. हातमोजे घालावेत आणि खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण यातील आयसोसायनेटची वाफ श्वसनाला घातक असते. दुसऱ्या दिवशी साचा उघडून रबर गाभ्यावरून ताणून काढावे. निघत नसेल तर गाभा फोडावा. पूर्ण ताकद येण्यासाठी सुमारे आठवडा द्यावा.

एखाद्या मेकॅनिकला असे वीस-पंचवीस भाग हवे असतील तर ओतकामापेक्षा कारखाना परवडतो. १९८५ साली छत्रपती संभाजीनगरजवळ (पूर्वीचे औरंगाबाद) वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यानंतर वाहनांचे सुटे भाग करणारा व्यवसाय वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत विस्तारला, आणि रबर मोल्डिंग त्याचेच एक अंग आहे. तिथे जाताना ‘असेच करून द्या’ म्हणून जुना तुकडा पुढे करू नये. मापांसह कागदावरील आकृती, रबराची जात आणि शोअर कठीणता सांगावी. रबर साच्यातून निघून थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आकसते, म्हणजे ४० मिलिमीटरच्या भागासाठी पोकळी पाऊण मिलिमीटरने मोठी ठेवावी लागते. हा हिशेब कोण करणार, ग्राहक की टूलरूम (साचे कापणारा विभाग), हे साचा कापण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. खर्च मुख्यतः साच्याचा असतो, रबराचा नव्हे, त्यामुळे एकाच मॉडेलची मशीन दुरुस्त करणाऱ्या दोघातिघांनी मिळून काम दिल्यास प्रत्येकाचा भार हलका होतो.

नवा भाग बसवण्यापूर्वी साच्याच्या जोडावरची पातळ पापडी धारदार ब्लेडने एका दमात कापावी आणि टेकणारी कड बोट फिरवून तपासावी. नखाला लागेल असा उंचवटा तिथे राहता कामा नये. ग्रीस किंवा व्हॅसलिन चोपडून रबर सरकवण्याची सवय पुष्कळांना आहे, पण आजूबाजूचे मूळ रबर त्याने फुगते, म्हणून सिलिकॉन ग्रीसच वापरावे. झाकण लावल्यावर टब काठोकाठ भरून पाण्याच्या पातळीवर पेन्सिलची खूण करावी, मशीनखाली वर्तमानपत्र पसरावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी कागद कोरडा पण पातळी खाली गेलेली असेल तर पाणी ड्रेनच्या नळीतून जात आहे, म्हणजे टेकणारी कड कमी पडली. कागद ओला असेल तर कॉलर खाचेत पुरेशी दबलेली नाही. पहिल्या दोषात नव्या रबराच्या कडेला मेणाचा थर देऊन त्याच्यावरूनच साचा पुन्हा करावा. दुसऱ्यात कॉलरखाली अर्धा मिलिमीटर जाडीची रबरी चकती घातली की बहुधा काम भागते.