पॉवर ऑप-अँपचं आउटपुट फाटतंय? आयसी बदलायच्या आधी या चुका टाळा

पॉवर ऑप-अँप म्हणजे मोटर, कॉइल असा जड लोड चालवणारा अँप्लिफायर आयसी. लोड नसताना साइन वेव्ह एकदम गोल, आणि लोड लावला की फाटली, म्हणजे आकार बिघडला. असं झालं की बहुतेक जण पहिल्यांदा आयसीलाच दोष देतात. मीही एलएम६७५ या पॉवर ऑप-अँपवर ८ ओहमची कॉइल चालवताना लागोपाठ दोन आयसी बदलले होते, आणि दोन्ही चांगले होते. म्हणून सोल्डरिंग गन उचलायच्या आधी स्कोप (ऑसिलोस्कोप) लावा आणि वेव्ह नेमकी कुठे फाटतेय ते बघा, कारण आकारावरूनच अर्धं उत्तर मिळतं.

माझ्याकडे वेव्हच्या खालच्या भागात रेघ जाड, केसाळ दिसत होती. टाइमबेस वाढवल्यावर कळलं की ते ऑसिलेशन आहे, म्हणजे आयसी स्वतःच वेगाने थरथरतोय. चूक माझीच, गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) ठेवला होता २, आणि एलएम६७५ हा १० किंवा त्याहून जास्त गेनलाच स्टेबल असतो, हे डेटाशीटच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. कमी गेन हवा असेल तर इनपुटला दोन रेझिस्टरचा डिव्हायडर टाकून सिग्नल कमी करा पण आयसीचा गेन १० च्या खाली आणू नका. आउटपुटपासून ग्राउंडला १ ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरडची सिरीज जोडी लागतेच, ती "नंतर बघू" म्हणून सोडू नका. आणि ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर आयसीच्या पायांना अगदी चिकटून हवेत, बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला लावले तर त्यांचा काही उपयोग नाही.

आता ग्राउंड, जिथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. पीसीबीवर १ मिमी रुंद आणि १० सेंमी लांब ट्रॅक धरा, नेहमीच्या ३५ मायक्रॉन तांब्यात त्याचा रेझिस्टन्स साधारण ५० मिलिओहम येतो. त्यातून ३ अँपिअर गेले की १५० मिलिव्होल्ट पडले! आउटपुट स्टेजमध्ये प्रत्येक रेलचा (प्लस किंवा मायनस सप्लाय लाइनचा) करंट मुख्यतः अर्ध्याच सायकलला वाहतो त्यामुळे त्या ट्रॅकवरचा ड्रॉपही अर्धवट आकाराचा असतो, आणि इनपुटचं ग्राउंड त्याच ट्रॅकवर असेल तर तो ड्रॉप सिग्नलमध्ये मिसळून गेनपट होऊन बाहेर येतो. लोडची परतीची वायर, कपॅसिटरचं ग्राउंड आणि सिग्नलचं ग्राउंड वेगवेगळं आणा आणि एकाच ठिकाणी, मोठ्या फिल्टर कपॅसिटरच्या मधल्या टोकाजवळ जोडा. ब्रेडबोर्डवर हा सर्किट करूच नका, त्याच्या क्लिपा एवढ्या करंटसाठी नसतात.

वरचं टोक सपाट होत असेल तर स्कोपचा दुसरा चॅनल आयसीच्या सप्लाय पिनवर लावा, लोड चालू ठेवूनच. १८-०-१८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि प्रत्येक रेलला २२०० मायक्रोफॅरडचा फिल्टर कपॅसिटर असेल आणि सलग ३ अँपिअर ओढले तर दोन चार्जिंगच्या मधल्या ८ मिलिसेकंदांत रेल जवळपास ११ व्होल्ट खाली येते. १०,००० लावले तर हाच आकडा अडीचच्या आत येतो. शिवाय आउटपुट रेलपर्यंत पोचतच नाही, काही व्होल्ट आधीच थांबतं, तेवढी जागा हिशोबात धरा.

रेल नीट आहे तरी सपाट होतंय? मग करंट लिमिट, म्हणजे आयसी जास्तीत जास्त किती करंट देईल ती मर्यादा. ओपीए५४९ या दुसऱ्या पॉवर ऑप-अँपमध्ये ती बाहेरच्या रेझिस्टरने ठरते, ७.५ किलोओहम लावला तर लिमिट ५ अँपिअर, पिन मोकळी राहिली तर करंट जवळजवळ शून्य. ही पिन जोडायची राहून गेली आणि आयसी फेकून दिला असं होऊ देऊ नका.

सुरुवातीला छान आणि थोड्या वेळाने तुटक आउटपुट म्हणजे थर्मल शटडाउन, आयसी तापून स्वतःच बंद होतोय, हीटसिंक वाढवा. एलएम६७५ चा टॅब (मागची धातूची पट्टी) मायनस सप्लायला जोडलेला असतो, मायका वॉशर आणि बुश न लावता चॅसिसवर कसला तर शॉर्ट.

मोटर किंवा कॉइल असेल तर आउटपुटपासून दोन्ही रेलला फास्ट डायोड हवेत. इथे १एन५८२२ लावलेला बऱ्याचदा दिसतो, पण तो ४० व्होल्टचा आहे आणि प्लस-मायनस २४ वर त्याच्यावर उलटे ४८ व्होल्ट येतात. एमयूआर४६० लावा, तो ६०० व्होल्टचा आहे. माझ्या कॉइलवर वेव्हच्या बाजूला येणारे बारीक काटे हे डायोड बदलल्यावरच गेले.